आवाज लागला का?

माझ्या कपाटात टीडीकेची एक डी-९० कॅसेट आहे. डबीची बिजागरी केव्हाच तुटली, आतल्या पुठ्ठ्यावर निळ्या बॉलपेननं लिहिलेलं आत्येभावाचं तिरकं अक्षर अजून वाचता येतं. १९८८ च्या दिवाळीत दादा मुंबईहून आला, इंजिनिअरिंगच्या होस्टेलवरून, आणि फराळाला बसल्या बसल्या त्यानं ती माझ्या हातात ठेवली. "दिवे घालवून ऐक," एवढंच म्हणाला. मी पंधरा वर्षांची होते.

होस्टेलवर कुणाकडे तरी रेकॉर्ड प्लेअर होता, त्यावरून ती भरून घेतलेली होती. एका बाजूला पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडची १९७३ सालची तबकडी, दुसऱ्या बाजूला १९७५ सालची. दोन्ही तबकड्या ४५ मिनिटांच्या जेमतेम आत संपतात, त्यामुळे डी-९० च्या दोन बाजूंत त्या मापानं शिवल्यासारख्या बसल्या होत्या. शेवटचा सूर विरला की थोडा वेळ नुसती खरखर, आणि मग बटण खटकन वर. गाण्यांची नावं पुठ्ठ्यावर मावली नव्हती म्हणून दादानं नुसते आकडे घातले होते. पुढची दोन वर्षं ती गाणी माझ्यासाठी 'दुसऱ्या बाजूचं पहिलं' आणि 'दुसऱ्या बाजूचं चौथं' एवढीच होती.

त्या चौथ्या गाण्याच्या सुरुवातीला रेडिओवर स्टेशन शोधत काटा फिरवल्यासारखे आवाज येतात. मग लांबून, पत्र्याच्या डब्यातून यावी तशी एक गिटार. आणि मग, अगदी जवळ, दुसरी. ही जवळची गिटार सुरू होण्याच्या सुमाराला कुणीतरी खोकतं. दादाच कॅसेट भरताना खोकला असणार, अशी माझी कितीतरी दिवस समजूत होती. वायरीवरून भरलेल्या कॅसेटमध्ये खोलीतला खोकला येत नाही, हे कळायचं माझं वय नव्हतं. पुढे कॉलेजात मैत्रिणीकडे तेच गाणं दुसऱ्या कॅसेटवर ऐकलं, तिथेही तोच खोकला, त्याच जागी. तेव्हा लक्षात आलं की हा त्याचाच. पिंक फ्लॉइडच्या गिटारवाल्या डेव्हिड गिल्मरचा. १९७५ साली लंडनच्या स्टुडिओत गिटार मांडीवर घेऊन बसलेल्या एका एकोणतीस वर्षांच्या माणसाच्या छातीतून निघालेला.

त्या दिवसापर्यंत तो माझ्यासाठी एक आवाज होता. त्या दिवसानंतर तो माणूस झाला, आणि माणूस म्हटला की तो कुठेतरी समोर बसून वाजवतो, कुणीतरी त्याला ऐकतं. आपण नाही.

आमच्या घरात ही गोष्ट साधी नव्हती. बाबांचं एक ठाम मत होतं, अजून आहे: गाणं समोर बसून ऐकायचं. रेडिओ, टेप, तबकडी हे सगळं आठवण ठेवण्यापुरतं. आम्ही सदाशिव पेठेत राहायचो, आणि डिसेंबर आला की सवाई गंधर्व महोत्सवासाठी रमणबागेत चालत जायचो. शाली, स्वेटर, थर्मासमध्ये कॉफी, मांडी घालून रात्रभर बैठक. तेव्हा सवाई पहाटेपर्यंत चालायचं. मी बाबांच्या मांडीवर झोपून जायचे आणि उजाडायच्या आत ते मला हलवून उठवायचे, कारण शेवटी भीमसेन जोशी बसायचे. मला आठवतं ते गाणं नव्हे, त्यांचा हात. सूर लागण्याआधी तो हात हवेत काहीतरी चाचपडायचा आणि सापडलं की मूठ मिटायची. बाबा माझ्या कानाशी म्हणायचे, "बघ, आता लागला." टेपवर तो हात दिसत नाही.

घरात टेप एकच. सकाळी तो बाबांचा, ते बँकेत गेले की माझा. एका रविवारी मी विसरून दुसरी बाजू लावून ठेवली आणि बाबा आंघोळ करून बाहेर आले. ते 'दुसऱ्या बाजूचं पहिलं' चालू होतं, 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड'. त्यात गाण्याचे शब्द यायला आठ मिनिटांहून जास्त वेळ लागतो. आधी नुसता धुक्यासारखा सूर, त्यावर गिटार थांबत थांबत बोलते, आणि चार मिनिटांच्या सुमाराला ते चार सूर येतात. तोवरचं सगळं थांबतं आणि फक्त ते चार सूर, पुन्हा पुन्हा. मला वाटलं बाबा बंद करायला सांगणार. ते पंचा खांद्यावर टाकून उभेच राहिले. मग त्यांनी कोपऱ्यातली पेटी ओढली, पट्टी शोधली आणि म्हणाले, "ग, नी, सा, ध. गंधार-निषाद कोमल, धैवत शुद्ध. काफीच्या घरातलं आहे की." पुन्हा एकदा वाजवून बघितलं. "धैवतावर सोडून देतो. सावकाश घेतोय, चांगलं आहे. घाई नाही त्याला." मग विचारलं, "हा येतो का इकडे कधी?"

येत नव्हता. त्यानंतर छत्तीस वर्षं मला या एका प्रश्नाचं नीट उत्तर देता आलं नाही.

त्या चार सुरांची गोष्ट मला पुष्कळ नंतर कळली. १९७४ साली सरावाच्या खोलीत ते गिल्मरच्या बोटांखाली सहज पडले आणि बँडमधल्याच रॉजर वॉटर्सला त्यात सिड बॅरेट दिसला. सिड म्हणजे ज्यानं ही मंडळी उभी केली तो मुलगा, आणि गिल्मरचा केंब्रिजमधला मित्र. त्याचं मन ताळ्यावर राहीनासं झालं म्हणून १९६८ च्या सुरुवातीला गिल्मरला आधी त्याच्या जोडीला, आणि लगेचच त्याच्या जागी घेतलं गेलं. मित्राच्या जागेवर उभं राहून आयुष्यभर वाजवायचं, हे सोपं नसणार. पुढे १९७५ च्या जूनमध्ये, त्याच तबकडीचं काम चालू असताना, सिड अचानक स्टुडिओत आला. भुवया काढलेल्या, अंगानं सुटलेला. बराच वेळ कुणी त्याला ओळखलंच नाही. मी हे वाचलं तेव्हा ती बाजू पुन्हा लावली आणि मला पहिल्यांदा कळलं की बाबांना जी सावकाशी वाटली होती ती काय होती. जो समोर नाही त्याच्याशी बोलताना माणूस असाच थांबत थांबत बोलतो.

पिंक फ्लॉइड म्हणून ते १९९४ साली शेवटचे दौऱ्यावर निघाले. त्या ऑक्टोबरात लंडनच्या अर्ल्स कोर्टवर त्यांच्या मैफलींची रांग लागली होती, आणि मी पुण्यात एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. दुसऱ्या वर्षी त्या मैफलींची 'पल्स' नावाची सीडी आली. मामानं दुबईहून आणली. तिच्या खोक्याच्या कण्यावर एक लाल दिवा होता, पेन्सिल सेलवर चालणारा, नाडीच्या ठोक्यासारखा लुकलुकणारा. आमच्याकडे सीडी प्लेअर नव्हता. पण ते खोकं मी कपाटात साड्यांच्या मागे ठेवलं होतं आणि रात्री दार किलकिलं केलं की अंधारात तो ठिपका दिसायचा, लागतोय, विझतोय. प्लेअर घरात येईपर्यंत मी त्या मैफलीचं एवढंच ऐकलं होतं.

मग लग्न, नोकरी, मुलगी. २००५ च्या जुलैत लंडनच्या हाइड पार्कमध्ये वॉटर्स धरून चौघंही चोवीस वर्षांनी एका मंचावर आले, तेही मी नंतर कॉम्प्युटरवर, अडखळणाऱ्या चित्रफितीत पाहिलं. २००६ मध्ये गिल्मर एकट्याच्या नावावर दौऱ्याला निघाला, सोबत कीबोर्डवर पिंक फ्लॉइडमधलाच रिचर्ड राइट. माझी मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. जायचा विचारही मनात आणला नाही.

२००७ चं वर्ष मात्र विसरता येत नाही. फेब्रुवारीत रॉजर वॉटर्स मुंबईत आला. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर त्यानं १९७३ ची ती तबकडी सगळीच्या सगळी वाजवली. मी आणि दादा दोघं गेलो होतो. वॉटर्सचे शब्द, वॉटर्सचा संताप, ते तर खरंच होतं, आणि तो समोर उभा होता. मी रडले, गायले, घसा बसला. पण गिटारच्या जागा आल्या की दुसरं कुणी वाजवायचं. चांगलं वाजवायचं, एकेक सूर जिथल्या तिथे. आणि तरी माझ्या शेजारी दादा डोळे मिटून घ्यायचा. परतीच्या वाटेवर, सायनच्या आसपास, तो म्हणाला, "पत्र आलं गं. पण अक्षर दुसऱ्याचं."

त्याच वर्षी डिसेंबरात मी बाबांना सवाईला घेऊन गेले. रात्रभर जागायचे दिवस संपले होते. भीमसेनजी गायला बसणार असं कळलं होतं, पण मंडपात कुणालाच खात्री नव्हती. ते आले, आणि गायले. सवाईतलं ते त्यांचं शेवटचं गाणं ठरलं. मला त्या आवाजात वय ऐकू येत होतं. जुन्या पहाटेचा तो कोसळणारा आवाज माझ्या कानात पक्का होता आणि समोर येत होता तो त्याच्या मानानं फार कमी होता. मी आजूबाजूला पाहिलं तर माणसं रडत होती. मला वाटलं, गेलेल्या दिवसांसाठी रडताहेत. रिक्षात बाबा लक्ष्मी रोडपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आवाज लागला."

मी काही बोलले नाही. मला ते पटलं नव्हतं. बाबा भक्तीपोटी बोलताहेत असं वाटलं.

२००८ च्या सप्टेंबरात रिचर्ड राइट गेला. सकाळी पेपरात वाचलं. चौघं एकत्र यायची उरलीसुरली वाट तिथं बंद झाली. आता वाट एकट्या गिल्मरची, आणि हा माणूस दहा दहा वर्षं घराबाहेर पडत नाही. २०१६ च्या सप्टेंबरात त्याचे लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये कार्यक्रम होते. धाकटा भाऊ तोवर हाउन्स्लोला स्थायिक झाला होता, त्यानं माझं तिकीट काढलं. मी रजा टाकली, विमानाचं तिकीट काढलं, आणि व्हिसासाठी दिलेला पासपोर्ट वेळेत परत आला नाही. कार्यक्रम झाला त्याच्या चौथ्या दिवशी तो कुरिअरनं दारात आला. मी पाकीट उघडलं नाही, तसंच कपाटात ठेवून दिलं. भावानं ते तिकीट कुणा सहकाऱ्याला दिलं. त्या सहकाऱ्यानं मला मेल लिहिलं होतं, फार चांगलं, सविस्तर. मी ते अजून पूर्ण वाचलेलं नाही.

२०१९ मध्ये त्यानं आपल्या गिटारी लिलावात काढल्या. त्यात ती काळी स्ट्रॅटोकॅस्टर होती, १९७० साली न्यूयॉर्कमध्ये घेतलेली, माझ्या कॅसेटच्या दोन्ही बाजूंवर वाजलेली. एकटी ती ३९ लाख ७५ हजार डॉलरला गेली. सगळ्या गिटारींचे मिळून दोन कोटी डॉलरच्या वर आले आणि ते त्यानं हवामानाच्या प्रश्नावर कायद्याची लढाई लढणाऱ्या एका संस्थेला देऊन टाकले. बातमी वाचून मला अभिमान वाटला आणि त्याच क्षणी पोटात खड्डा पडला. हत्यार खाली ठेवलेला माणूस पुन्हा कशाला बाहेर पडेल?

पडला. २०२४ मध्ये त्याची 'लक अँड स्ट्रेंज' ही नवी तबकडी येणार म्हणून जाहीर झालं आणि त्यासोबत दौरा. रोम, लंडन, लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क. चारच शहरं. भाऊ मे महिन्यात सकाळपासून कॉम्प्युटरसमोर बसून होता. मला मेसेज आला: "मिळालं. १२ ऑक्टोबर. व्हिसाचा अर्ज आत्ता, आज कर."

१२ ऑक्टोबरला दसरा होता. भावाच्या घरी दाराला झेंडूचं तोरण होतं, साउथॉलवरून आणलेल्या फुलांचं. पाटावर सरस्वती काढलेली, त्यावर त्याचा लॅपटॉप, वहिनीची शिलाई मशीनची कात्री, भाच्याची व्हायोलिनची पेटी. मी पर्समधून ती डी-९० काढली आणि त्यांच्या शेजारी ठेवली. वहिनीनं काही विचारलं नाही, तिलाही हळदकुंकू वाहिलं आणि एक फूल ठेवलं.

हाउन्स्लोहून पिकाडिली लाइन सरळ साउथ केन्सिंग्टनला जाते. तिथून एक्झिबिशन रोडनं वर चालत गेलं की शेवटी तो हॉल दिसतो, लाल विटांचा, गोल, घुमटाचा. १८७१ पासूनचा. मी भावाला म्हटलं, याच हॉलनं १९६९ मध्ये या लोकांना कायमचं दार बंद केलं होतं. कार्यक्रमात मंचावर तोफा उडवल्या म्हणून. तो हसला, म्हणाला, "ताई, तू दर दहा पावलांनी काहीतरी सांगते आहेस. घाबरली आहेस का?"

घाबरले होते. सांगायला हवं, कारण असं कुणी लिहीत नाही. एवढी वर्षं ज्याची वाट बघितली ते घडायच्या आधीच्या अर्ध्या तासात मला परत फिरावंसं वाटत होतं. तो अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता. माझ्या कानात होता तो एकोणतीसचा. २००७ च्या मंडपातली ती रात्र सारखी डोळ्यांपुढे येत होती. समजा तसं झालं, आणि मला रडणाऱ्या माणसांमध्ये कोरडं बसावं लागलं, तर?

आत गेल्यावर पहिल्यांदा छताकडे लक्ष जातं. पूर्वी इथे इतका प्रतिध्वनी यायचा म्हणे की लोक वैतागायचे. मग १९६९ च्या सुमाराला छताखाली फायबरग्लासच्या मोठाल्या बशा टांगल्या, अळंब्यांसारख्या. पाच हजारांवर माणसं बसतात, पण गोल असल्यामुळे सगळी एकमेकांना दिसतात आणि मंच खोल विहिरीच्या तळाशी असावा तसा जवळ वाटतो. आमची जागा उजव्या बाजूला, वर. भावानं छोटी दुर्बीण आणली होती.

दिवे गेले. तो आला तेव्हा काही घोषणा नाही, धूर नाही. काळे कपडे घातलेला एक पांढऱ्या केसांचा माणूस चालत आला, गिटार गळ्यात अडकवली आणि वाजवायला लागला. मी दुर्बीण चेहऱ्यावर धरली होती, ती आपोआप खाली हातावर आली.

आता हे मला सावकाश सांगायचं आहे.

गिटारवर पडदे असतात, म्हणजे सूर ठरलेले. पण तार बोटानं दाबून आडवी ढकलली की ताण वाढतो आणि सूर चढतो. आपल्या सतारीवर तार खेचून मींड काढतात, तेच. तो हे करतो हे मला माहीत होतं, पुस्तकात वाचलं होतं, कानाला शंभरदा कळलं होतं. पण दुर्बिणीत मला दिसलं ते असं: अनामिका तारेवर, तिच्या मागे मधलं बोट आणि तर्जनी आधाराला, तिघं मिळून तार वर ढकलताहेत, आणि सूर जिथे पोहोचायचा तिथे पोहोचायच्या किंचित आधी हात थांबतो. अगदी केसभर आधी. मग उरलेलं अंतर तो जाऊ देतो. आणि पोहोचल्यावर तिथे मनगट हलकं हलतं, सूर थरथरतो. उजव्या हाताच्या तळव्यात एक आखूड दांडी असते, तिनंही तो सुराला आंदोलन देतो. हे सगळं एका सुरासाठी. बाबा ज्याला "आता लागला" म्हणायचे तो क्षण मला दिसत होता. टेपवर तो हात दिसत नाही.

आवाजाचं मात्र खरं सांगते. तिसऱ्या-चौथ्या गाण्यातच तो वर जाताना घासला. 'टाइम' मध्ये जिथे ओरडून म्हणायचं तिथे त्यानं म्हटलं, पण जोर काढून आणावा लागला हे ऐकू आलं. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. आणि मग त्यानं 'फॅट ओल्ड सन' घेतलं. हे गाणं १९७० सालचं, चोविसाव्या वर्षी केलेलं, इंग्लंडच्या गावाकडच्या एका संध्याकाळचं, खूप वरच्या पट्टीत, जवळजवळ कुजबुजीसारखं. मला वाटलं होतं की हे तो टाळेल. त्यानं टाळलं नाही. वरचा सूर आला तेव्हा आवाज बारीक झाला, कापडाचा धागा दिसावा तसा. तुटला नाही. तो तिथेच थांबला, त्या बारीक धाग्यावर, जेवढा वेळ थांबायचं तेवढा वेळ. ते गाणं मावळणाऱ्या सूर्याचं आहे. चोविसाव्या वर्षी त्याला ते सुंदर वाटलं असेल. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्याला ते माहीत होतं.

आणि मला रिक्षातले बाबा आठवले, लक्ष्मी रोड, "आवाज लागला." सतरा वर्षांनी, परक्या गावात, मला कळलं की त्या रात्री मी भीमसेनजींना ऐकलंच नव्हतं. मी माझ्या कानातली जुनी कॅसेट ऐकत होते आणि समोरच्या माणसाला तिच्याशी ताडून बघत होते. बाबा समोरचं ऐकत होते.

त्यानंतर मी मोकळी झाले. 'विश यू वेअर हिअर' आलं, दादाच्या आकड्यांतलं चौथं. गिटारचे पहिले सूर वाजले आणि माझे कान, सवयीनं, खोकल्याची वाट बघायला लागले. तो अर्थातच आला नाही. त्या जागी पाच हजार माणसांचा एक दबका श्वास होता.

मग त्याची मुलगी पुढे आली, रोमनी. हार्प वाजवत तिनं 'बिटवीन टू पॉइंट्स' म्हटलं, नव्या तबकडीतलं. दुसऱ्या कुणाचं जुनं गाणं आहे ते. तिचा आवाज अगदी साधा, जराही दिखावा नाही, आणि तो मागे उभा राहून तिला साथ करत होता. आपल्याकडे शिष्य मागे बसून तानपुरा धरतात आणि गुरू मध्येच मान वळवून त्यांना एखादी ओळ देतो, इथे उलट. ती गात होती तोवर तो तिच्याकडे पाहत होता आणि जेमतेम वाजवत होता. तिची ओळ संपली की एखाद-दुसरा सूर. गाणं शेवटाला येऊन तिनं सोडलं तेव्हा कुठे त्यानं गिटारला मोकळं केलं. मी दुर्बीण भावाकडे दिली. त्याला दोन मुली आहेत.

'लक अँड स्ट्रेंज' या गाण्याच्या तबकडीवर रिचर्ड राइट वाजवतो. २००७ साली गिल्मरच्या शेतातल्या कोठारात सगळे सहज वाजवत बसले असताना ध्वनिमुद्रित झालेला तो तुकडा सतरा वर्षांनी गाण्यात घातला आहे. मंचावर अर्थातच तो नव्हता, त्याच्या जागी दुसऱ्याचे हात. नंतर, दुसऱ्या भागात, पियानोवर मेणबत्त्या लावून गाणाऱ्या सगळ्या जणी त्याभोवती जमल्या आणि राइटनंच बांधलेलं 'द ग्रेट गिग इन द स्काय' गायल्या. तबकडीवर त्यात एकच बाई आकांत करते. इथे त्या चौघी एकमेकींना सांभाळून घेत गात होत्या, शोक वाटून घ्यावा तशा. आणि ते संपतं न संपतं तोच गिल्मरनं राइटच्या आठवणीत केलेलं होडीचं गाणं. मित्राच्या जागेवर येऊन उभा राहिलेला हा माणूस आता स्वतःच सगळ्यांच्या मोकळ्या जागा सांभाळतो आहे असं मला वाटलं.

'शाइन ऑन' वाजलं नाही.

हे मला आधीच माहीत होतं. रोमच्या कार्यक्रमांच्या याद्या भावानं पाठवल्या होत्या, त्यात ते नव्हतं. तरी शेवटपर्यंत आशा होती. प्रत्येक गाणं संपून अंधार झाला की मी ते ग, नी, सा, ध मनात म्हणायचे, जणू त्यानं विसरू नये म्हणून. दुसरा भाग संपला, लोक उभे राहिले, तो परत आला, आणि 'कम्फर्टेबली नम्ब' सुरू झालं. म्हणजे आता हेच शेवटचं. छत्तीस वर्षांपूर्वी बाबांनी पेटीवर काढलेले सूर मी समोर बसून ऐकणार नाही, हे तिथे पक्कं झालं. वाईट वाटलं, अजूनही वाटतं. त्याची समजूत घालायला माझ्याजवळ काही नाही.

पण त्या शेवटच्या गाण्याबद्दल सांगते. १९७९ च्या तबकडीवर त्यातली दुसरी, मोठी गिटार कधी संपतच नाही. आवाज हळूहळू कमी करत नेला आहे. ती वाजतेच आहे आणि आपण तिच्यापासून लांब जातो आहोत असं वाटतं. पुढे 'पल्स'वर मी तिचा शेवट ऐकला होता, पण मनात तीच विरत जाणारी राहिली. इथे लेझरच्या रेषा त्या बशांखालून पसरल्या, सगळा हॉल उभा होता आणि तो वाजवत होता. मी दुर्बीण लावली नाही. ते लांबत गेलं, वर गेलं, पुन्हा खाली आलं, पुन्हा वर. एका क्षणी मला जाणवलं की आता हे त्याच्या हातानं थांबणार आहे. कुणी बटण फिरवून आवाज कमी करणार नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा एक माणूस ठरवेल की हा शेवटचा, आणि तार ढकलेल, आणि सोडेल. मी श्वास धरून त्या सुराची वाट बघितली. तो आला. तार थरथरली, विझली, आणि मग हातांचा कडकडाट.

बाहेर थंडी होती. समोरच्या बागेतलं अल्बर्टचं स्मारक सोन्यासारखं उजळलेलं. भावानं विचारलं, काही खायचं का. मी नको म्हटलं. आम्ही साउथ केन्सिंग्टनपर्यंत बोललो नाही.

भारतात तेव्हा पहाट व्हायची होती. फोन मी दुसऱ्या दिवशी, लंडनच्या सकाळी केला. बाबा चौऱ्याऐंशीचे आहेत, कानाला यंत्र आहे, पण फोन स्वतः उचलतात. दसरा झाला का, सोनं कुणी आणलं, थंडी किती, हे सगळं झालं. मग ते थांबले.

"अगं, तो उभ्यानं वाजवतो की बसून?"

"उभ्यानं, बाबा. जवळजवळ सगळं."

"या वयात?"

"हो."

"ते ग, नी, सा, ध वाजवलं?"

माझ्या घशात आलं. "नाही. ते नाही वाजवलं."

"हं." पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. "आवाज लागला का?"

"लागला," मी म्हटलं.

"मग पहिल्यापासून सांग," बाबा म्हणाले. त्यांनी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "सुरुवात कशानं केली?"